प्रकाश लावताच सगळ्या चॅनेलांवर स्पाइक? आधी ऑप्ट्रोड सलाइनमध्ये बुडवून पाहा

प्रश्न थोडक्यात असा: उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग), सीए-१ भागातल्या पार्वाल्ब्युमिन पेशींवर चॅनेलरोडॉप्सिन-२ हे ऑप्सिन, म्हणजे निळा प्रकाश पडला की पेशी पेटवणारे प्रथिन, आणले आहे. २०० मायक्रॉनचा एक फायबर आणि चार टेट्रोड (प्रत्येकी चार बारीक तारांचे इलेक्ट्रोड) एकत्र बांधून ऑप्ट्रोड बसवला आहे. ४७३ नॅनोमीटरचा निळा लेसर ५ मिलिसेकंद लावला की सोळाही चॅनेलांवर त्याच क्षणी टोकदार ठसा उमटतो. हा पेशींचा प्रतिसाद मानावा का? आणि नसेल तर पुढचा ऑप्ट्रोड कसा बांधावा?

तुमच्या वर्णनात एकच तपशील पुरेसा बोलका आहे: सोळाही चॅनेल. टेट्रोडच्या टोकापासून साधारण १०० मायक्रॉनच्या आत असलेल्या पेशीचाच स्पाइक (पेशी पेटल्याचा क्षणिक विद्युत सिग्नल) नीट दिसतो. चार टेट्रोड एकमेकांपासून दोन-अडीचशे मायक्रॉनवर असतील, तर एकच पेशी चौघांनाही सारख्या उंचीची दिसणे शक्य नाही. वेगवेगळ्या पेशी असत्या तर वेळ आणि आकार थोडा तरी मागेपुढे झाला असता. म्हणून हा प्रकाशाचा आर्टिफॅक्ट, म्हणजे पेशींकडून न आलेला खोटा सिग्नल, आहे असे धरूनच चाला. मात्र तेवढ्यावर नोंद फेकून देऊ नका. त्या ठशाच्या मागे खरे स्पाइक दडलेले असू शकतात आणि ते वेगळे काढता येतात.

आर्टिफॅक्ट तीन वाटांनी येतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिली वाट धातूची. द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडला की विद्युतदाब निर्माण होतो, हे एदमों बेकरेल यांनी १८३९ मध्येच दाखवले होते. टंगस्टन किंवा नायक्रोमच्या उघड्या टोकावर निळा प्रकाश पडला की हेच घडते: धातू आणि द्रव यांच्या सीमेवरचा विद्युतभाराचा थर हलतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला तो सिग्नल वाटतो. दुसरी वाट सिलिकॉन प्रोबची. सिलिकॉन हा सौर पॅनेलचाच पदार्थ. प्रकाश पडला की त्यात मुक्त भार तयार होतात आणि शेजारच्या तारांना धक्का देतात. तुमच्याकडे टेट्रोड आहेत, तेव्हा ही वाट बाजूला ठेवा. तिसऱ्या वाटेचा प्रकाशाशी संबंधच नाही. लेसर किंवा एलईडीच्या ड्रायव्हरची तार हेडस्टेजच्या (डोक्यावरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) केबलीला चिकटून जात असेल, तर प्रवाहाची प्रत्येक उडी धारितेच्या जोडणीतून थेट आत उतरते.

कोणती वाट आहे हे शोधायला अर्धा तास पुरतो. त्याच घडणीचा दुसरा ऑप्ट्रोड घ्या आणि ०.९ टक्के सलाइनच्या छोट्या भांड्यात बुडवा. रेफरन्सची तारही त्याच द्रवात सोडा. ज्या शक्तीने आणि ज्या पल्सने प्रयोग केला, अगदी तीच मापे वापरून २०० पल्स नोंदवा. ठसा आला, तर पॅच केबल (लेसरचा प्रकाश आणणारी) फेरूलवरून (फायबर धरणाऱ्या नळीवरून) काढून तिचे टोक काळ्या डबीत घाला आणि लेसर तसाच चालू ठेवून पुन्हा नोंदवा. ठसा तरीही राहिला, तर दोष विजेच्या जोडणीत आहे: केबली वेगळ्या करा, ड्रायव्हर फॅरडे पिंजऱ्याबाहेर न्या, जमिनीची जोडणी एकाच बिंदूला आणा. ठसा गेला, तर दोष प्रकाशाचा आहे आणि तो घडण बदलूनच कमी होईल. फायबरच्या टोकाला काळे काहीतरी फासून ही चाचणी करण्याचा मोह टाळा, कारण ते टोक पुन्हा पूर्वीसारखे स्वच्छ होत नाही.

मग पल्सची लांबी बदला: २, ५ आणि १० मिलिसेकंद. आर्टिफॅक्ट प्रकाश लागताना एकदा आणि विझताना उलट्या दिशेने दुसऱ्यांदा येतो, म्हणजे दुसरा ठसा पल्सच्या शेवटासोबत सरकतो. पेशीला पल्स कधी संपणार हे ठाऊक नसते. २ मिलिसेकंदांच्या पल्सने जो स्पाइक ३ मिलिसेकंदांवर आला, तो १० मिलिसेकंदांच्या पल्सलाही ३ वरच येतो. त्यानंतर शक्ती बदला. १, २, ५, १० मिलिवॅट असे चढत गेल्यावर आर्टिफॅक्टची उंची शक्तीबरोबर वाढत जाते. एका पेशीच्या स्पाइकचा आकार मात्र तोच राहतो. तो अधिक वेळा येतो आणि किंचित लवकर येतो, एवढेच. एक सावधगिरी: ऑप्सिन पिरॅमिडल पेशींत (हिप्पोकॅम्पसच्या मुख्य, उत्तेजक पेशींत) असते तर अनेक पेशी एकदम पेटून होणारा सामूहिक स्पाइकही शक्तीबरोबर वाढला असता. तुमच्या पार्वाल्ब्युमिन उंदरात ती गुंतागुंत कमी आहे.

सलाइनच्या चाचणीला एक मर्यादा आहे. सलाइन प्रकाश विखुरत नाही, मेंदू विखुरतो, त्यामुळे मेंदूत परत फिरलेला प्रकाशही धातूवर पडतो आणि ठशाची उंची बदलते. म्हणून उंची जुळवत बसू नका, आकार आणि वेळ जुळवा. प्रयोगाच्या शेवटी प्राण्याला नियमानुसार मरण दिल्यानंतर, ऑप्ट्रोड जागेवर असतानाच तीच पल्समालिका पुन्हा नोंदवली तर सर्वांत चांगली तुलना मिळते. जे उरले ते पेशींचे नाही.

तुमच्या प्रयोगात निसर्गाने एक उत्तम साक्षीदारही दिला आहे. पार्वाल्ब्युमिन पेशी शेजारच्या पिरॅमिडल पेशींना दाबतात. प्रकाश खरोखर काम करत असेल, तर काही मिलिसेकंदांतच पिरॅमिडल पेशींचे स्पाइक थांबलेले दिसायला हवेत, आणि अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेला टेकला नसेल तर ही शांतता आर्टिफॅक्ट सहसा घडवू शकत नाही. पल्स ५ ऐवजी ५० मिलिसेकंदांची करून पाहा, खिडकी स्पष्ट दिसेल. पार्वाल्ब्युमिन पेशीला 'प्रकाशाने ओळखली' असे म्हणायचे असेल, तर प्रकाश लागल्यापासून १ ते ४ मिलिसेकंदांत पहिला स्पाइक, त्याच्या वेळेत १ मिलिसेकंदाहून कमी चढउतार, अरुंद आकार, आणि त्याच पेशीचे अंधारातले स्पाइक आणि प्रकाशातले स्पाइक यांच्या सरासरी आकारांत ०.९ हून अधिक सहसंबंध, एवढे सगळे मागा. शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. अंधारात कधीच न दिसणारी आणि प्रकाशातच उगवणारी 'पेशी' यादीतून काढून टाका.

विश्लेषणात दोन ठिकाणी हात पोळतात. शून्य-फेज फिल्टर पुढून-मागून असा दोनदा चालतो, त्यामुळे आर्टिफॅक्टची लाट प्रकाश लागण्याच्या आधीही पसरते आणि 'प्रकाशापूर्वीचा प्रतिसाद' दिसू लागतो. म्हणून फिल्टर लावण्याआधी, कच्च्या नोंदीत, दोन्ही कडांपाशी साधारण १ मिलिसेकंद कापा आणि ती जागा सरळ रेषेने भरा. दुसरे, सर्व चॅनेलांची सरासरी वजा करताना एखाद्या चॅनेलवर आर्टिफॅक्ट फार मोठा असेल तर तो उलटा होऊन बाकीच्यांत शिरतो. सरासरीऐवजी मध्यक वापरा. आर्टिफॅक्टचा सरासरी साचा वजा करण्याची पद्धत चालते, पण अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेला टेकला नसेल तरच. टेकला असेल तर त्या काळातली माहिती गेलेलीच असते.

आता मोजमाप, कारण बहुतेक जण गरजेहून कितीतरी जास्त प्रकाश टाकतात. चॅनेलरोडॉप्सिन-२ असलेली पेशी पेटायला प्रति चौरस मिलिमीटर सुमारे १ मिलिवॅट प्रकाश लागतो. २०० मायक्रॉनच्या गाभ्याचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मिलिमीटर. टोकाशी ५ मिलिवॅट असतील तर तिथे प्रति चौरस मिलिमीटर १५९ मिलिवॅट पडतात. उंदराच्या मेंदूत निळा प्रकाश पसरतोही आणि विखुरतोही. ०.३९ न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश किती रुंद पसरतो त्याचे माप) फायबरसाठी रूढ सूत्र वापरले तर अर्ध्या मिलिमीटरवर टोकाच्या सुमारे २.४ टक्के आणि एक मिलिमीटरवर सुमारे ०.५ टक्के उरतो. म्हणजे ५ मिलिवॅटला अर्ध्या मिलिमीटरवर प्रति चौरस मिलिमीटर ३.९, तर एक मिलिमीटरवर ०.८ मिलिवॅट. तुमच्या पेशी टोकाखाली ३०० ते ५०० मायक्रॉनवर असतील, तर २ मिलिवॅटही पुरतात आणि आर्टिफॅक्ट आपोआप निम्म्याहून खाली येतो. हे सर्व आकडे फायबरच्या टोकाशी मोजलेल्या शक्तीचे आहेत, लेसरच्या डब्यावर दिसणाऱ्या आकड्याचे नाहीत. पॉवर मीटरवर तरंगलांबी ४७३ निवडली आहे ना, हे दर वेळी पाहा. फोटोडायोडचा प्रतिसाद तरंगलांबीनुसार बदलतो, आणि मीटर लाल रंगावर राहिला तर निळ्याचे माप चुकीचे येते. लेसर १५-२० मिनिटे तापू द्या. फार कमी प्रवाहावर तो डळमळतो, तेव्हा तो मध्यम प्रवाहावर चालवून पुढे एनडी फिल्टर (प्रकाश मंद करणारी काच) लावणे बरे.

घडणीकडे येतो. २०० मायक्रॉन गाभा आणि २२५ मायक्रॉन क्लॅडिंगचा फायबर घ्या, आणि १.२५ मिलिमीटर व्यासाचे, २३० मायक्रॉन भोकाचे झिर्कोनियाचे फेरूल. फायबरचे बाहेरचे आवरण स्ट्रिपरने काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. उष्णतेने घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी फेरूलमध्ये बुडबुडा न राहता भरा, फायबर पार करा आणि पॉलिशच्या बाजूने मिलिमीटरभर बाहेर ठेवा. हीट गनखाली इपॉक्सी गडद तांबूस होईपर्यंत तापवा. कच्चा राहिलेला इपॉक्सी पॉलिश करताना फायबरला मागे सरकू देतो, आणि मग समोरासमोर जोडणीत फट राहून शक्ती गळते. बाहेरचा भाग स्क्राइबने कापून ५, ३, १ आणि ०.३ मायक्रॉनच्या कागदांवर इंग्रजी आठाच्या आकारात, हाताचा दाब हलका ठेवून, क्रमाने घासा. सूक्ष्मदर्शकाखाली गाभ्यावरून जाणारा ओरखडा दिसला तर मागच्या कागदावर परत जा.

मेंदूत जाणारे टोक घासायचे नाही, तोडायचे. स्क्राइबने एकदाच हलका चरा पाडा आणि फायबर सरळ ओढा. दोनदा चरा पाडला की टोक तिरके तुटते आणि प्रकाश एका बाजूला झुकतो. पांढऱ्या कागदावर ठिपका गोल आणि एकसारखा पडला पाहिजे. पॅच केबलच्या टोकाशी आणि फायबरच्या टोकाशी शक्ती मोजा: ८० टक्क्यांहून जास्त पार होत असेल तर उत्तम, ७० च्या खाली असेल तर तो फायबर बाद करा. प्रत्येक फायबरचा आकडा त्याच्या क्रमांकासह वहीत नोंदवा. तीन महिन्यांनी हाच आकडा उपयोगी पडतो.

टेट्रोडसाठी १२.५ मायक्रॉनच्या चार नायक्रोम तारा पिळून, उष्णतेने हलक्या जोडून, पॉलिइमाइडच्या नळीतून आणाव्यात. टोके आधी धारदार कात्रीने कापा आणि मग फायबरला चिकटवा. उलट क्रमाने केले तर कात्री फायबरच्या टोकाला लागून ते फुटण्याची भीती असते. चिकटवताना इपॉक्सी फायबरच्या टोकापासून निदान एक मिलिमीटर वर थांबवा. तो केशाकर्षणाने तारांवरून खाली धावतो आणि फायबरच्या तोंडावर बसला की सगळी मेहनत वाया जाते. टेट्रोडची टोके फायबरच्या टोकापुढे ३०० ते ५०० मायक्रॉन असावीत. शेवटी सोन्याचा मुलामा देऊन १ किलोहर्ट्झला २०० ते ३०० किलोओम इम्पिडन्सवर (विद्युतरोधावर) आणा.

हे अंतर का, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. ०.३९ न्यूमेरिकल अ‍ॅपर्चरचा प्रकाश मेंदूत साधारण १७ अंशांच्या अर्धकोनाचा शंकू करतो. ३०० मायक्रॉन खाली त्या शंकूची त्रिज्या १९० मायक्रॉनच्या आसपास होते. फायबरच्या कडेला चिकटलेला टेट्रोड मध्यापासून सव्वाशे-दीडशे मायक्रॉनवरच असतो, तेव्हा तो प्रकाशातच उभा आहे. तो बाहेर काढायचा तर आणखी बाजूला घ्यावा लागेल, आणि तेवढ्याने मेंदूची इजा वाढेल. माझ्या मते हा सौदा परवडत नाही. अंतर ४०० च्या जवळ ठेवून शक्ती कमी करणे अधिक फायद्याचे.

पल्सची कड गोलवणे हा आणखी एक उपाय. चौकोनी पल्सऐवजी १ ते २ मिलिसेकंदांत हळू चढणारी-उतरणारी पल्स दिली की ३०० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातला, म्हणजे स्पाइकच्या पट्ट्यातला, आर्टिफॅक्ट बराच खाली येतो. पण त्याची ऊर्जा नाहीशी होत नाही, खालच्या वारंवारतेत सरकते. त्यामुळे एलएफपीवर (अनेक पेशींच्या मिळून येणाऱ्या मंद सिग्नलवर) निष्कर्ष काढायचा असेल तर हा उपाय तुमच्या विरोधात जातो. धातूचा इलेक्ट्रोड आणि त्यावर थेट पडणारा प्रकाश अशा मांडणीत, प्रकाश चालू असतानाच्या एलएफपीवर ऑप्सिन नसलेल्या उंदराच्या तुलनेशिवाय एकही वाक्य लिहू नये.

सूक्ष्म एलईडी थेट प्रोबवर बसवण्याचा मार्गही आहे. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील फॅन वू आणि युइसिक यून यांनी ग्यॉर्ग बुझाकी यांच्या गटासोबत चार दांड्यांचा प्रोब दाखवला: त्यावर १२ सूक्ष्म एलईडी आणि ३२ नोंदस्थाने होती. तोही उंदराच्या सीए-१ मध्येच वापरला आणि ६० नॅनोवॅट प्रकाशाने स्पाइक मिळाले. एलईडी पेशीच्या अगदी शेजारी असल्याने एवढा कमी प्रकाश पुरतो. पण तिथे प्रवाह वाहणारी तार नोंदणीच्या तारेपासून काही मायक्रॉनवर असते, म्हणजे वर सांगितलेली तिसरी वाट तिथे मुख्य होते. काही मोजक्या पेशींनाच पेटवायचे असेल तर हा मार्ग घ्या. पूर्ण थर पेटवायचा असेल तर फायबर ठीक आहे.

शस्त्रक्रियेबद्दल मोजकेच. भारतात संस्थेच्या प्राणी नीती समितीची आणि, ऑप्सिनचे जनुक पेशींत नेणारा विषाणू जनुकबदल केलेला असल्यामुळे, जैवसुरक्षा समितीचीही मंजुरी आधी हवी. क्रीवर (फक्त ठरावीक पेशींत आणलेल्या एन्झाइमवर) अवलंबून असलेला हा एएव्ही विषाणू ३०० ते ५०० नॅनोलिटर, मिनिटाला ५० ते १०० नॅनोलिटर या गतीने सोडा आणि सुई काढण्याआधी १० मिनिटे थांबा. घाईने काढली की विषाणू सुईच्या वाटेने वर कॉर्टेक्समध्ये येतो आणि मग पेटलेली पेशी कुठल्या थरातली याचा घोळ होतो. ऑप्सिन पुरेसे यायला ३ ते ४ आठवडे द्या. ब्रेग्मापासून (कवटीवरच्या हाडांच्या सांध्याच्या संदर्भबिंदूपासून) मागे २ मिलिमीटर आणि बाजूला १.५ मिलिमीटर ही जागा ठीक आहे. पिरॅमिडल थर मेंदूच्या पृष्ठापासून साधारण १.१ ते १.३ मिलिमीटरवर लागतो. आकड्यावर विसंबू नका, सिग्नल ऐका: थर जवळ आला की रिपल (जलद लहान लहरी) मोठे होतात, आणि थर ओलांडला की शार्प वेव्हची (त्यांच्यासोबत येणाऱ्या मोठ्या लाटेची) दिशा उलटते. जमिनीचा स्क्रू लहान मेंदूच्या वर कवटीत बसवा आणि त्याची जोडणी सिमेंट लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा. सैल स्क्रू प्रत्येक आर्टिफॅक्ट दुप्पट मोठा करून दाखवतो.

कवटी पूर्ण कोरडी केल्याशिवाय आणि तिच्यावर आडवे-उभे चरे पाडल्याशिवाय डेंटल सिमेंट लावू नका, टोपी निखळण्याचे पहिले कारण हेच असते. सिमेंटच्या बाहेरच्या थरात काळी पूड मिसळा. तसे न केल्यास निळा प्रकाश सिमेंटमधून बाहेर झिरपतो, उंदराला तो दिसतो आणि त्याचे वागणे बदलते ते डोळ्यांमुळे. टोपीचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत राहू द्या, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला अडीच ग्रॅम.

उष्णता हा विषय लोक गंभीरपणे घेत नाहीत, आणि तो घ्यायलाच हवा. २०१९ मध्ये स्कॉट ओवेन, मॅक्स लिऊ आणि अनातोल क्राइट्झर यांनी दाखवले की ऑप्सिन अजिबात नसलेल्या उंदराच्या स्ट्रायेटममध्येही (मेंदूचा आणखी एक भाग) सतत प्रकाश दिला तर ऊतक तापून पेशींचे स्पाइक कमी होतात. म्हणजे ऑप्सिनशिवायही प्रकाशाचा परिणाम दिसू शकतो. तुमच्या मापांत ५ मिलिवॅट, ५ मिलिसेकंद आणि सेकंदाला २० पल्स धरल्या तर प्रकाश दहा टक्के वेळच चालू असतो आणि सरासरी शक्ती अर्धा मिलिवॅट येते, ती चालते. सतत १० मिलिवॅट काही सेकंद देणार असाल तर फक्त ईवायएफपी (ऑप्सिनऐवजी नुसते चमकणारे प्रथिन) असलेल्या, बाकी सर्व बाबतीत सारख्या उंदरांचा गट अनिवार्य माना. तोच गट डोळ्यांवाटे होणारा परिणामही पकडतो.

रोजच्या प्रयोगात जोडणीआधी दोन्ही फेरूलची तोंडे अल्कोहोलच्या फाह्याने पुसा. धुळीचा एक कण निळ्या प्रकाशात जळून तोंडावर डाग सोडतो आणि शक्ती दिवसागणिक उतरते. फिरता जोड वापरत असाल तर तो हाताने पूर्ण फिरवत शक्ती मोजा. काही जोडांत ती फिरण्याबरोबर बरीच वरखाली होते आणि उंदीर वळला की प्रतिसाद बदलल्याचा भास होतो. ४७३ चा १०० मिलिवॅट लेसर ३-बी वर्गातला असतो, तेव्हा त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय पॅच केबल उघडू नका.

काम संपल्यावर टोकाची जागा १० ते २० मायक्रोअँपिअर प्रवाहाने, १० सेकंद, लहान जखम करून खुणेने नोंदवा आणि मेंदू चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवा. ऑप्ट्रोड काढून स्वच्छ करा, टोकाची शक्ती पुन्हा मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडा. पाचव्या हिश्शाहून जास्त घट झाली असेल, तर शेवटच्या आठवड्यांतले 'प्रतिसाद कमी झाला' हे निरीक्षण ऑप्सिनच्या नावे टाकता येणार नाही. मग तोच ऑप्ट्रोड सलाइनमध्ये बुडवून तीच पल्समालिका एकदा नोंदवा आणि ती फाइल मूळ नोंदींच्याच फोल्डरमध्ये ठेवा.